पाऊण पाऊल

दहीपुलावर, दुसऱ्या मजल्यावर,
खाली सराफांची शटरं पडत असताना
मी रोम शिकवतो.
बी.ए. दुसरं वर्ष, पेपर चौथा.

गेल्या मंगळवारी सांगत होतो:
तिथला उमेदवार खडू चोळून अंगवस्त्र पांढरं करायचा,
चौकात उतरायचा,
आणि त्याच्या खांद्यामागे, अर्ध्या पावलावर, एक गुलाम.
काम एकच. समोरून येणाऱ्याचं नाव मालकाच्या कानात सांगायचं.
हा फुल्विअस. गाढवं भाड्याने देतो. बाप पावसाळ्यात गेला.
की मालकाचे हात पसरलेच:
फुल्विअस! बाबांचं कळलं रे!

वर्ग हसला.
शेवटच्या बाकावरचा तेवढा वही मिटून म्हणाला,
"अर्धं नाही सर, पाऊण.
अर्ध्यावर राहिलं तर फोटोत येतो आपण."

जिन्यात थांबला होता. आबांकडे असतो, अकरा वर्षं.
मखमलाबाद नाक्याला पहाटे सहापासून माणसं,
कुणाला दाखला, कुणाला नळ,
कुणाला नुसतं दिसायचं असतं.
मी म्हणालो, रोममध्येही असंच, उंबऱ्याशी,
जाताना हातात खाण्याची टोपली.
"आमच्यात चहा," तो म्हणाला.
"साडेचार हजार नावं आहेत सर डोक्यात.
कुणाची सून कुठली, कुणाला साखर,
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं तेव्हा
कुणाची चूल वाहून गेली
आणि कोण नुसतंच म्हणतं, गेली.
ओठ न हलवता सांगावं लागतं."
सांगून दाखवलं.
मला माझंच नाव ऐकू आलं,
वडलांच्या नावासकट,
बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसकट.

मग विचारलं त्याने, त्या गुलामाचं पुढे काय?
म्हटलं, कधीकधी मालक मोकळं करायचा.
मोकळा झाला की मालकाचंच नाव लागायचं त्याला.
तो जिना उतरत राहिला.

रविवारी शालिमारला आबा समोर. कडक इस्त्री.
"सर! वहिनींचा गुडघा काय म्हणतो?"
खोटं कशाला सांगू, भरून आलं मला.
मागे, पाऊण पावलावर, तो.
हाक मारायला तोंड उघडलं
आणि आठवला फक्त हजेरीपटावरचा सत्तेचाळीस.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
ओठ हलले नाहीत.

"कचेश्वर," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच.

आबांनी हात जोडले
आणि रस्ताभर नजर फिरवली,
कोण येतंय ते बघायला.