टेपचं दुसरं टोक

सव्वीस वर्षं मी रस्त्यावरच्या काळ्या रेघा मोजतोय.
पलूस ते भिलवडी, भिलवडी ते अंकलखोप,
टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं होमगार्ड भरमूच्या.

रेघ सुरू होते तिथं माणूस घाबरलेला असतो.
संपते तिथं चप्पल, डबा, मोबाईल,
एकदा तर पिशवीभर अंडी,
एकही न फुटलेलं.
पंचनाम्यात सगळं येतं.
ब्रेक दाबला होता हेही येतं,
दाबला म्हणून तर रेघ आहे.
चाक जाम झालं की हँडलचं ऐकत नाही,
घसरत सरळ जातं
उसाच्या ट्रॉलीखाली,
जिला मागं लाल दिवा सोडाच,
साधं रिफ्लेक्टर नाही.

आदगोंडाची रेघ अकरा मीटर वीस.
शाळेत माझ्या बाकावर बसायचा.
मी टेप दोनदा लावली.
आकडा तोच.

परवा रात्री पुन्हा फोन.
वळणावर पाचट सांडलेलं, त्यावर दव.
बॅटरी घेतली, भरमूला उठवलं, गेलो.

तर पोरगं उभं!
श्रेणिक चौगुले, किर्लोस्करवाडीची दुसरी पाळी सुटून निघालेला.
गाडी स्टँडवर, हेडलाईट चालू,
ट्रॉली हातभर पुढं.
बाटलीतलं पाणी निम्मं पोटात, निम्मं शर्टावर.
म्हणाला, काका, ब्रेक आवळला तर
लिव्हर बोटांखाली फडफडायला लागली,
मुठीत टोळ धरल्यागत.
वाटलं, ब्रेकच गेला.

गेला नव्हता, बाळा.
चाक धरत होता, सोडत होता,
धरत होता, सोडत होता,
पापणी लवेस्तोवर चार-पाचदा,
म्हणून चाक फिरत राहिलं
आणि तू वळवशील तिकडं वळलं.

एबीएसची गाडी महाग पडली म्हणून
ह्याची आई पंधरा दिवस बोलत नव्हती, म्हणे.

आमचा बाप सांगायचा,
धरसोड करणाऱ्याचं कधी भलं होत नाही,
धरशील ते नेटानं धर.
आदगोंडानं नेटानंच धरला होता.

भरमू सवयीनं टेपचं टोक घेऊन
अंधारात मागं मागं गेला,
बॅटरी डांबराला टेकवत,
इकडं बघ, तिकडं बघ,
पाचट पायानं सारून बघ.
मग लांबून ओरडला,
हवालदार, रेघच नाही. कुठं धरू?

म्हटलं, सोड.