साक्षीदार क्रमांक पाच

स्वॉन्झीच्या कोर्टात मी लघुलिपी घेते, एकोणीस वर्षं झाली.
कुणी खोकलं तर लिहीत नाही. बोललं की लिहिते.

त्या मंगळवारी चौघे बोलले.
फोरमन हार्टनल म्हणाला, साखळी तपासलेली होती, वहीत सही आहे.
वही दाखवली. सही होती, सुवाच्य.
क्रेनवाला म्हणाला, दांडा ओढला मी, रोजच्यासारखाच.
इंजिनियर म्हणाला, लोखंडाचं काही सांगता येत नाही, साहेब.
आणि ऑलवेन प्रोथेरो म्हणाली,
इद्रिस जेवणाचा डबा विसरला होता,
मी तो घेऊन फाटकापर्यंत गेले होते.
तिला एवढंच माहीत होतं.

तुटलेली कडी कुठे आहे? न्यायाधीशांनी विचारलं.
भट्टीत. दुसऱ्याच दिवशी वितळवली. भंगार ते भंगार.

मग इतकी शांतता, की माझी पेन्सिल
कागदावर टेकून नुसती थांबली.

कंपनीचे वकील उठले :
ती का तुटली, हे बाईंना सिद्ध करता आलेलं नाही.
खरंच होतं. तसंच लिहिलं.

बाईंचा वकील कोवळा पोरगा, कफ उसवलेला.
म्हणाला, दोन टन पत्रा आपण होऊन
माणसाच्या अंगावर येत नाही.
साखळी यांची, क्रेन यांची, कोठाराची किल्लीही यांचीच.
ज्यांच्या हातात सगळं होतं, त्यांनी कानांवर हात ठेवायचे
आणि जिच्या हातात फक्त डबा होता
तिने उलगडा करायचा?

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
म्हणाले, काही वेळा घटनाच बोलते.
आता तिला उत्तर कंपनीने द्यावं.

कंपनीकडे उत्तर नव्हतं.

न्यायाधीशांचं वाक्य मी घेतलं, एकही अक्षर न गाळता.
पण घटना जे बोलली, ते?
समासात बोलणाऱ्याचं नाव लिहायचं, असा नियम.
मी लिहिलं : साक्षीदार क्रमांक पाच.
पुढची ओळ कोरी सोडली.
संध्याकाळी टंकलेखनाआधी दोन्ही खोडलं.

घरी येऊन चहा टाकला.
बिस्किटांचा डबा नवा, नाताळात आणलेला,
लानेलीच्या पत्र्याचा. झाकण अडकतं त्याचं.
ओढता ओढता मनात आलं,
वितळलेली कडी गेली कुठे असेल?
पत्र्यात. पत्रा डब्यांत. डबे घरोघरी.

डब्याला कान नाही लावला मी. तेवढी खुळी नाही.
झाकण मात्र त्या रात्री
उघडंच ठेवलं,
बिस्किटं सादळली तरी.