बहुधा

रात्री नऊनंतर गंगावेशीत म्हशी उभ्या राहतात.
कपाळावर पांढरा टिकला असलेली, ती माझी.
गिऱ्हाईक पेला धरतं, मी धार काढतो,
फेस वर आला की बोलणी सुरू होतात.
आज सगळ्यांचं एकच बोलणं.
समोरच्या पानपट्टीत टीव्हीचा आवाज वाढवलाय:
मोठा माणूस सांगतोय, पुरावा मी डोळ्यांनी पाहिला,
माझ्यावर विश्वास ठेवा.

मागच्या वेळीही हेच शब्द होते.
'हेच' उगीच म्हणत नाही. पाठ आहेत मला.
तेव्हा डोंगरापलीकडं दारूगोळ्याची कोठारं होती म्हणे.
आमचा कृष्णात त्या कोठारांवर गेला.
आत निघाली मेंढरांची लोकर,
दोन मोडके माग, एक बहिरा म्हातारा.
गोळी बाहेरून आली. कुणाची, ते अजून ठरायचंय.
चौकशी बसली. अहवाल आला.
'माहिती चुकीची होती, निर्णय नव्हे.'
अकरा वर्षं हे वाक्य मी चघळतोय
उसाच्या चोयट्यासारखं.

शिंत्रे हवालदार रोजचे. बावड्याहून सायकलवर येतात.
पलटणीत कारकून होते.
एकदाच बोलले, पेला रिकामा झाल्यावर:
"मी टाइप केलतं, 'कोठारं असावीत, बहुधा.'
वरच्या टेबलावर 'बहुधा' गळालं.
त्याच्या वरच्या टेबलावर 'असावीत'चं 'आहेत' झालं.
रेडिओवर ऐकलं तवा 'नक्की आहेत.'
खोटं कुणीच बोललं नाही बघ.
जो तो एकेक शब्द पुसत गेला,
साहेबाला बरं वाटावं म्हणून."

मी गप्प बसलो.
कारण एका उन्हाळ्यात, म्हैस आटल्यावर,
मीही रतिबाच्या किटलीत तांब्याभर पाणी घातलं होतं
आणि बुरांडे मास्तरांना सांगितलं होतं, निर्भेळ आहे.
डोळ्याला डोळा देऊन. आवाज तसूभर हलला नव्हता.
मास्तरांनी रतीब तोडला नाही.
दुसऱ्या दिवसापासून लॅक्टोमीटर घेऊन दारात उभे.
काचेची नळी बुडवायची, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचायचा,
मगच पातेलं पुढं करायचं.
तीन वर्षं. मरेपर्यंत.
त्या तीन वर्षांत एक थेंब घातला नाही मी.
सुधारलो म्हणून नव्हे. नळी होती म्हणून.

आता लढाईची नळी कुठं मिळते?
कागद तिजोरीत. मागितले, तर देशाचं गुपित.
आणि मागणारा कोण, कुणाचा, हे आधी.
दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, कबूल.
पण एखाद्या वेळी वाटीत खरंच उकळतं असेल तर?
यंदा कोठारं खरी असतील तर?
हा विचार रात्री येऊन उशाशी बसतो.
मी त्याला हाकलत नाही.

कृष्णातचं पोरगं, हर्षद. बापाच्याच पलटणीत.
सुट्टी रद्द झाली, पहाटेच्या एस्टीनं बेळगाव.
"काका, तुला काय वाटतंय? या वेळंला खरं असंल?"
ओठावर फेसाच्या मिशा, बापाला यायच्या तशाच.
पानपट्टीपुढं टाळ्या पडल्या.
शिंत्र्यांनी सायकलचं स्टँड काढलं, परत लावलं.
मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस.
मला म्हणायचं होतं, जा.
तोंडातून आलं, "बहुधा."

हौसा वहिनीनं त्याच्या हातातला पेला घेतला
आणि त्यावर फुंकर घातली.
धारोष्ण दूध. त्याला कुणी फुंकत नाही.
मागून कोणीतरी म्हणालं,
"मालक, माझा पेला."