शाबूत कातडं

काचेच्या दोन वाट्या, मध्ये कातडं.
वर क्रीम, खाली मिठाचं पाणी,
बत्तीस अंशांवर
एवढंसं चुंबक गरगरत राहतं.
दर दोन तासांनी सुईनं थेंबभर काढायचं,
बघायचं, काही उतरलंय का.

कातडं डुकराच्या कानाचं.
माणसाच्या जवळचं, म्हणतात.
सकाळी सातला बर्फाच्या डब्यात घालून
मी ते सागरमाळाच्या चढावर आणते,
स्कूटीच्या हुकाला अडकवून.

आबांना सांगितलं तेव्हा हसले.
"म्हंजे आपलाच धंदा की गं शेवंते.
शिक्षण तेवढं मधी लागलं."

त्यांची पिशवी मी पाहिलीय लहानपणी,
म्हशीचं अख्खं कातडं शिवून टांगलेलं,
पोटात बाभळीची साल, हिरड्याचं पाणी.
दिवसभर ठिबकायचं खालच्या घमेल्यात
आणि तेच पाणी ते पुन्हा वर ओतायचे.
मग एक दिवस रापीनं कडेचा तुकडा कापायचे,
उजेडाकडं धरायचे.
मधोमध पांढरी रेघ दिसली की
"कच्चं हाय अजून."
आणि पुन्हा ओतायचे.

त्यांना हवं असायचं, आत जावं.
मला हवंय, जाऊ नये.

उन्हाच्या क्रीममधले जस्ताचे कण,
केसाच्या जाडीत हजारभर मावतील असे,
वरच्या मेलेल्या थरात अडकून बसलेले,
थोडे केसांच्या भोकांत जमलेले.
त्याखाली काळोख स्वच्छ.
खालच्या पाण्यात: आढळले नाही.
वरूटे मॅडम म्हणाल्या, "नाही असं लिहू नका.
आढळले नाही, आणि यंत्राला
कुठपर्यंत दिसतं तो आकडा."

संध्याकाळी सुभाषनगरात
आबा पायरीवर बसलेले, हात मांडीवर उताणे.
चुन्यानं खाल्लेली बोटं,
डाव्या अंगठ्यावर रापीच्या जुन्या खुणा,
आणि एक आजची.
मी दिलेली ट्यूब शेजारी, अर्धी संपलेली.

"जातंय का आत?"
"न्हाई सापडलं, आबा."
"कसल्या कातड्यातनं?"
"शाबूत."
त्यांनी अंगठा माझ्यापुढं धरला,
जसा तुकडा उजेडाकडं धरायचे.
"आन् ह्यातनं?"

काही बोलले नाही मी.
वहीत त्या रकान्याला जागाच नव्हती.
भेगा पडलेला, उन्हानं सोललेला,
सिमेंटनं, धुण्यानं, चुन्यानं झिजलेला कान
कुणी डब्यात घालून आणत नाही.

आज चार कान शाबूत ठेवलेत
आणि चार ओरबाडून.
मॅडमनी रापी बघितली, हातात घेतली,
धार बोटानं चाचपली,
म्हणाल्या, "मोजमाप सारखं येणार नाही."
मग म्हणाल्या, "लावा. शेजारी लिहून ठेवा, कशानं."

यंत्र गुरुवारपर्यंत दुसऱ्यांकडं आहे.
बाटल्या फ्रिजमध्ये, नंबर घालून.
ट्यूब माझ्या खणात, कुलपात.
आणि आबांच्या अंगठ्याला
मी सकाळीच चिंधी बांधून आलेय, घट्ट,
म्हणाले, "रापी धरता येत न्हाई गं अशानं."