पोटात ठेवलेलं

चाळीस वर्षं मी मेलेल्यांचं सामान बनवतोय.
बांबूच्या कामट्या, खळ, रंगीत कागद,
त्यातून तीनमजली घरं, मोटारी, दातांची कवळी.
एकदा एका मुलाने बापासाठी
डायलिसिसचं मशीन मागितलं.
म्हटलं, अरे, तिकडे तरी सोड त्याला.
तेव्हा मी स्वतः आठवड्यातून तीनदा
त्याच मशीनला बांधलेला असे.

सातव्या महिन्यात पिनांगच्या बंदरामागे
आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.
भुकेली भुतं मोकळी सुटतात, असं आम्ही मानतो.
त्यांना द्यायचं ते जाळून द्यायचं,
पण आधी लेबल. नाव, गाव, जन्मतारीख.
नावाशिवाय पार्सल पोचत नाही,
वाटेत कुणीही दांडगा पळवतो.
हे मी गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलंय.

उत्तरेतल्या त्या शहरात बर्फ होतं.
दुकानाचा मागचा गाळा विकून गेलो होतो.
सोमवारी दुभाषी बाई म्हणाली,
गुरुवारी सकाळी नऊला. नक्की.
विचारलं, अपघात झाला का कुणाचा?
फाइल चाळत म्हणाली,
सत्तावीस वर्षांचा आहे. निरोगी आहे.

आहे म्हणाली.
होता नाही म्हणाली.

मी काही व्याकरणाचा माणूस नाही.
मंगळवारी भात खाल्ला, बुधवारी टीव्ही पाहिला,
कुठेतरी तोही जेवला असेल.
माझी संमती तीन प्रतींवर घेतली.
पेन चालेना, तर नर्सने धावत जाऊन दुसरं आणलं.

गुन्हा काय होता, तेही माहीत नाही.
खून असेल. किंवा एखादी प्रार्थना, एखादं पत्रक.
खूनच असावा असं मला वाटतं,
म्हणजे वाटावंसं वाटतं.
इतका खाली उतरलोय मी.

शेजारचा चिआम, खिळे-कुलपांचं दुकान त्याचं,
तो म्हणतो, कैदीच ना? मरणारच होता.
वाया जाण्यापेक्षा बरं.
चिआम वाईट नाही. माझ्या पहिल्या ऑपरेशनला
न बोलावता आला आणि रक्त देऊन गेला.
म्हणून त्याला एवढंच म्हटलं:
तू तुझी बाही स्वतः वर केली होतीस.
तो बराच वेळ एका कुलपाला तेल देत बसला.

स्वी लियान म्हणते, झालं ते पोटात ठेवा.
पोटातच आहे. उजवीकडे, खाली,
हाताला लागतं, मुठीएवढं.
रात्री तीनला उठवतं. मी मोरीत उभा राहतो,
धार लागते, आणि खरं सांगू?
बरं वाटतं.
परत दे म्हणालं कुणी, तर देणार नाही.
हेही कुठेतरी लिहिलेलं असावं.

यंदा दुकान बंद झाल्यावर, गिऱ्हाइकाशिवाय,
एक कोट केला. निळा कागद, आत खराखुरा कापूस,
तिकडे बर्फ असतं म्हणून.
माप माहीत नव्हतं, माझंच घेतलं.
एक घर केलं, एकाच खोलीचं, मोठ्या खिडकीचं,
दाराला कडी फक्त आतून.

लेबलापाशी मात्र हात थांबला.
घेणारा: वय सत्तावीस. रक्तगट बी. गुरुवार.
याहून जास्त मला कुणी सांगितलं नाही,
आणि याहून जास्त मी विचारलंही नाही.
पाठवणारा पूर्ण लिहिला:
खॉ बून हॉक, दुकानाचा नंबर, गल्ली, बेट.
आणि त्याखाली, टपालावर लिहितात तसं,
न पोचल्यास
पाठवणाऱ्याकडे परत.