खाकी कागद

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी
वर्गाच्या भिंती झाकायच्या असतात.
पाढे झाकले, अक्षरांचा तक्ता झाकला,
शनीची कडी झाकली,
मुलांनी रंगवलेल्या ज्वालामुखीवर
'लाव्हा' असं लिहिलेलं, म्हणून तोही.
घड्याळ तेवढं उघडं.
कागद खाकी, रुंद पन्ह्याचा,
मांसाच्या कारखान्यातून दरवर्षी फुकट येतो.
रात्रपाळीत माझ्या अर्ध्या वर्गाचे आईबाप
ह्याच कागदात बरगड्या गुंडाळतात.

मग मी सही केली:
प्रश्न वाचणार नाही, दिसलाच तर सांगणार नाही,
कुणी काही विचारलं तर एवढंच म्हणेन,
"तुला जमेल तसं कर."
नियमपुस्तिका चौऱ्याऐंशी पानांची.
मुलाला उलटी झाली तर काय, तेही त्यात आहे:
मूल नर्सकडे,
उत्तरपत्रिका पारदर्शक पिशवीत, क्रमांक दिसेल अशी,
सील करून टोपेकाला परत.
गेल्या वर्षी ओमायराची गेली.
तिकडे कुणीतरी ती पिशवी चिमटीत धरून
यादीवर बरोबरची खूण केली असेल.

मंगळवार. नऊ.
बाहेर कॅन्ससचा वारा,
झेंड्याची दोरी खांबावर टणटण आपटत होती,
आत तेवीस पेन्सिली.
अब्दिवेलीनं गोल इतके गच्च भरले
की कागद मागून चकाकायला लागला.
ट्रिनिटी हॉफरिक्टर शाई नसलेल्या बोटावरचा
न पुसणारा डाग पुसत बसली.
देल्फिनोनं हात वर केला.
गेले. त्यानं प्रश्नावर बोट ठेवलं.
मी बोट पाहिलं, नख अर्धं तुटलेलं,
बोटाखालचं पाहिलं नाही.
"तुला जमेल तसं कर."
भर बाजारात मी ओळख न देता पुढे निघून जावं
तसा तो बघत राहिला.

जेवणाच्या रांगेत, ट्रे धरून, त्यानं सांगितलं.
मी ऐकलेलं नाही. सही केली आहे.
पण समजा, एक बैल आहे, बाराशे पौंडांचा,
समजा चार घरांत सारखा वाटायचा,
तर एका घराला किती?
देल्फिनो म्हणाला, मिस, डोकं कुठं गेलं?
कातडं? खूर? रक्त?
बाबा म्हणतात बाराशेचे सातशे चाळीस उरतात,
तेही जनावर चांगलं पोसलेलं असेल तर.
म्हणजे एकशे पंच्याऐंशी.
चार पर्यायांत ते नव्हतंच.
म्हणून चारही गोल कोरे ठेवून
त्यानं समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
भागाकारासकट.

समास यंत्राला दिसत नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही. ह्यावर सही नव्हती,
तरी नाही सांगितलं.

शुक्रवारी भिंती उघडल्या.
कागद फाडायला मुलांना फार आवडतं,
वर्गात गुडघाभर खाकी गोळे.
देल्फिनोनं एक अख्खा तुकडा मागून नेला.
सोमवारी त्यावर बैल होता,
बाजूनं दिसणारा, एकच डोळा, जरा हसरा,
आणि त्याच्या बापानं पट्टीनं आखलेल्या रेघा,
कुठून काय निघतं, किती निघतं,
स्पॅनिशमध्ये, दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलेलं.
शनीशेजारी लावला.

ऑगस्टात निकाल.
मुख्याध्यापिका व्हर्लीन स्ट्राउड यांनी पडद्यावर स्तंभ दाखवले.
आमचा पिवळा.
हायवेपलीकडच्या शाळेचा हिरवा, नेहमीसारखा.
घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायला
विचिटाहून एक सल्लागार आला होता,
पाण्याच्या तीन बाटल्या पिऊन तो म्हणाला,
गणितात वास्तवाशी सांगड कमी पडते.
मी हात वर केला, मग केस सारखे केले.
घोडं नव्हतंच ते. बैल होता.
आणि मी सही केली होती.

आज पुन्हा आदली संध्याकाळ.
शिडीवर उभी आहे, दातांत चिकटपट्टी.
देल्फिनो आता चौथीत, दोन खोल्या सोडून.
पाढे झाकले. शनी झाकला.
बैलही झाकला.
त्याच्यावर आकडे आहेत.