पुलापलीकडचा पाइंट

पुस्तकात एवढंच आहे:
गिअरबॉक्स, सव्वादोन पाइंट.
कोणाचा पाइंट, ते नाही.
लिहिणारा काउलीत बसला होता.
त्याच्या गावी पाइंट एकच, रोज संध्याकाळी
फेसासकट समोर यायचा. त्यात काय सांगायचं?

आमच्याकडे दोन होते.
सेंट स्टीफनमध्ये, नदीच्या या काठाला, वीस औंसांचा.
पूल ओलांडून कॅलसला उतरलं, म्हणजे अमेरिकेत, की सोळा.
मधल्या मध्ये चार औंस कुठे पाण्यात पडायचे
कस्टमवाल्याने कधी विचारलं नाही.
शेरास सव्वाशेर, आणि मधे फक्त एक पूल.

आई त्या पुलावरून आली,
लव्हीना, कॅलसची,
सोबत एक काचेचं भांडं घेऊन,
लाल रेघांचं, जाड कानाचं.
त्यात मोजून ती ब्लूबेरीचा मुरंबा करायची
आणि तो कधी फसला नाही.
कान तडकला तेव्हा भांडं गॅरेजात गेलं.
बाबांनी ते पुसलं, उजेडात धरलं,
रेघा मोजल्या. म्हणाले, झकास.

एकसष्ट सालची मॉरिस मायनर,
वाटाण्याच्या सालीच्या रंगाची.
गालिचा उचलायचा, रबरी बूच काढायचं,
प्लग सोडवायचा, नळी लावायची,
आणि आईच्या रेघेला डोळा लावून
सव्वादोन.
त्यांचा हात कधी थरथरला नाही.
कार्बुरेटरच्या डॅशपॉटला तर माप लागायचंच नाही,
दांडा सोडायचा, बोटाला अडलं की पुरे.
तेवढं त्यांचं बोट शहाणं होतं.

तरी ती दुसऱ्या गिअरमध्ये रडायची.
अकरा हिवाळे.
"इंग्रज आहे," बाबा म्हणायचे, "थंडीचं कुरकुरणारच."
बेअरिंगं बदलली, दोनदा.
ड्वेन काका म्हणाला, तेल कमी असेल.
बाबा चिडले. कमी कसं?
भोकापर्यंत भरलं की ओघळतं, हेही पुस्तकात आहे,
आणि ओघळलं होतं. त्यांनी बोट लावून पाहिलं होतं.

आता गॅरेज माझं.
परवा कपाट हलवताना एक बेअरिंगची गोळी हातातून निसटली
आणि न थांबता नदीकडच्या भिंतीला जाऊन लागली.
पाणसळ ठेवली. बुडबुडा एका कडेला चिकटला.
जमीन कललेली. प्लग त्याच कडेला.
म्हणजे तेल लवकर ओघळायचं,
नेमकं तिथे, जिथे आईचं भांडं संपायचं.

दोन चुकांनी इतकी वर्षं
एकमेकींच्या बाजूने साक्ष दिली
आणि आम्ही बेअरिंगांना शिक्षा केली.

मापात पाप नव्हतं.
माप परगावचं होतं, एवढंच,
आणि लग्न करून आलं होतं.

डाव्या चाकांखाली फळ्या सरकवल्या, बुडबुडा मधे येईतो.
जुनं तेल काढलं.
नवं मोजलं, लिटरच्या नळकांड्यात,
कारण आता या काठाला तिसरंच माप चालतं:
बाराशे अठ्ठ्याहत्तर.
आईच्या भांड्याने जेवढं जायचं, त्याहून वर
एक पेलाभर.
अकरा हिवाळे तो पेलाभर
दातांना मिळालाच नाही.

रविवारी बाबांना वृद्धाश्रमातून आणलं,
पट्टा लावून बसवलं.
मिलटाउनच्या चढाला दुसरा टाकला.
मी काही बोलले नाही.
भांड्याचं तर मुळीच नाही.

त्यांनी मान कलती केली.
"थांब," म्हणाले. "बंद पडली का?"
नाही, बाबा.
"मग ती बोलत का नाही?"

चढ संपला. मी तिसरा टाकला.
मांडीवरचा त्यांचा हातही
तेवढाच पुढे सरकला.